अठरावरच्यांसाठीच्या व्हिज्युअल नॉव्हेल: थेट कर्त्याकडूनच कशा घ्याव्यात

कुडाळात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करताना एक प्रकार सारखा समोर येतो. मशीन अचानक संथ झालंय, इन्स्टाग्रामचा पासवर्ड चालत नाही, जीमेलमध्ये कुठल्याशा परदेशातून लॉगिन झाल्याची नोंद आहे. शेवटचं काय डाउनलोड केलं होतं, असं विचारलं की गिऱ्हाईक आधी दाराकडे बघतं, मग हळूच सांगतं, ‘एक गेम होतो. तसलो. फुकट गावलो म्हणान घेतलंय.’ यात लाजण्यासारखं काही नाही. प्रौढ माणसाने प्रौढांसाठीची गोष्ट वाचावी की नाही, हा त्याचा प्रश्न. मशीनचं नुकसान होतं ते ती गोष्ट जिथून उचलली त्या जागेमुळे. म्हणून हा लेख. तो फक्त अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्रं, संवाद, संगीत आणि मधूनमधून वाचकाने करायची निवड. मागे एखादी पार्श्वभूमी, पुढे पात्राची आकृती, खाली संवादाची चौकट. दशावतारात एकाच बाकड्यावर राजदरबारही होतो आणि अरण्यही होतं, तशी इथे मोजक्या चित्रांवर सगळी गोष्ट उभी राहते आणि ताकद संवादात असते. तुम्ही कुठला पर्याय निवडता त्यावर गोष्ट वळते आणि शेवटही बदलतो. प्रौढांसाठीच्या कृतींत लैंगिक प्रसंग असतात. पण चांगल्या कृतींत ते गोष्टीच्या ओघात येतात. नुसत्या त्या प्रसंगांसाठी कुणी घेतली, तर बहुधा कंटाळेल, कारण तासन्‌तास वाचावं लागतं आणि तेही बहुतेक वेळा इंग्रजीतून.

यातल्या बऱ्याचशा स्वतंत्र कृती एक-दोन माणसं मिळून करतात. त्यांचं आवडतं साधन म्हणजे रेनपाय. हे २००४ पासून मोफत उपलब्ध असलेलं इंजिन विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि ब्राउझर या सगळ्यांसाठी गेम बांधून देतं. कर्ता नोकरी सांभाळून प्रकरणामागून प्रकरण लिहितो. पेट्रिऑन किंवा सबस्क्राइबस्टारवर चाहते दरमहा काही डॉलर देतात. नवं प्रकरण आधी त्यांना मिळतं आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ते, किंवा त्याच्या मागचं प्रकरण, अनेक कर्ते सगळ्यांसाठी मोफत खुलं करतात.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जी गोष्ट तुम्ही ‘फुल व्हर्जन फ्री’ लिहिलेल्या साइटवरून घेता, ती बऱ्याचदा कर्त्याच्या स्वतःच्या पानावर तशीच मोफत असते, आणि तिथे तिच्यासोबत चोर येत नाही.

शोध: आधी सूचीत, मग कर्त्याकडे

गूगलमध्ये गेमचं नाव आणि पुढे ‘डाउनलोड’ असं लिहू नका. पहिल्या पानावर नकली साइट्सचीच गर्दी असते. त्याऐवजी व्हीएनडीबीवर जा. हा २००७ मध्ये सुरू झालेला व्हिज्युअल नॉव्हेलचा डेटाबेस आहे. तो वाचकच चालवतात, आणि बघायला लॉगिन लागत नाही. तिथे गेमची फाइल मिळत नाही, फक्त माहिती मिळते, आणि आपल्याला तेच हवंय.

कृतीच्या पानावर चार गोष्टी बघा. पहिली, कर्त्याचं नाव आणि त्याच्या अधिकृत पानांचे दुवे. दुसरी, लांबी: दोन तासांची आहे की पन्नास तासांची. तिसरी, कृती पूर्ण झाली आहे, चालू आहे की सोडून दिली आहे. स्वतंत्र कृतींत सोडून दिलेल्यांचं प्रमाण भलतं मोठं असतं. कर्त्याचं लग्न होतं, नोकरी बदलते, उत्साह संपतो. चौथी गोष्ट म्हणजे टॅग. कथेत जबरदस्ती आहे का, हिंसा आहे का, फसवणुकीचे प्रसंग आहेत का, हे टॅगवरून आधी कळतं. लैंगिक मजकुराचे टॅग वेगळे उघडता येतात आणि कथानक फोडणारे टॅग मुळात झाकलेले असतात. नको असलेला विषय आधीच टाळता येणं ही प्रौढ वाचनातली मोठी सोय आहे. ती वापरत नाहीत ते मग मधल्या प्रकरणात चिडतात.

आता अधिकृत दुव्यावरून कर्त्याच्या पानावर जा. तिथे बघायचं ते असं: शेवटची नोंद कधीची आहे, प्रतिक्रियांना कर्ता उत्तरं देतो का, आवृत्तीचा आकडा काय आहे. ०.३ असा आकडा दिसला तर समजा, सुरुवातीचे काही भागच तयार आहेत. वर्षभर काही नोंद नसेल तर मोफत भाग जरूर वाचा, पण पैसे देऊ नका.

दुकानं आणि त्यांचे स्वभाव

स्टीम या संगणकाच्या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात २०१८ पासून प्रौढ कृतींना जागा मिळाली, पण त्या मुळात लपवलेल्या असतात. खात्याच्या पसंतीत जाऊन ‘केवळ प्रौढांसाठीचा लैंगिक मजकूर’ दाखवायला सांगावं लागतं. आपल्या दृष्टीने स्टीमचे तीन मोठे फायदे. किंमत रुपयांत असते, यूपीआय चालतं, आणि घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. व्हिज्युअल नॉव्हेलच्या बाबतीत दोन तासांत लेखनाचा कस हमखास कळतो.

जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही प्रौढ कृती मिळतात. तिथली फाइल कुलूपबंद नसते, एकदा उतरवली की तुमची. जपानी कृतींची अधिकृत इंग्रजी भाषांतरं जास्ट यूएसए आणि मांगागेमर ही जुनी दुकानं विकतात. जपानमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या कृतींत गुप्तांगांवर धूसर चौकोन दिसतात, तो तिथल्या कायद्याचा परिणाम आहे. फाइल बिघडलेली नाही, म्हणून ‘दुरुस्तीचा पॅच’ शोधत भटकू नका. असले पॅच हा विषाणूंचा आवडता रस्ता आहे. कर्त्याने किंवा प्रकाशकाने स्वतःच्या पानावर पॅच दिला असेल तरच घ्यावा.

इच डॉट आयओ हे स्वतंत्र कर्त्यांचं खरं माहेरघर. इथे बऱ्याच कृतींची किंमत तुम्हीच ठरवता, शून्यही चालतं. पण २४ जुलै २०२५ रोजी इथला सगळा प्रौढ मजकूर शोधातून गायब झाला. एका ऑस्ट्रेलियन संघटनेच्या मोहिमेनंतर पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या कंपन्यांनी दबाव आणला होता. महिन्याच्या अखेरीस मोफत कृती शोधात परत येऊ लागल्या. स्टीमनेही त्याच महिन्यात नियम कडक केले. याचा आपल्यासाठी व्यावहारिक अर्थ असा की दुकानाच्या शोधात एखादी कृती दिसली नाही म्हणून ती अस्तित्वात नाही, असं होत नाही. शोधातून काढलेली अनेक पानं थेट दुव्याने उघडत होती. सूचीतून कर्त्याकडे आणि कर्त्याकडून दुकानाकडे जाणाऱ्याला त्या जुलैत फारसा फरक पडला नाही. नेटवर नाव टाकून धुंडाळणारे मात्र थेट नकली साइट्सच्या जाळ्यात सापडले.

इचवर प्रौढ कृती दिसण्यासाठी खातं उघडून सेटिंगमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. एवढंच. आधार, पॅन किंवा ओळखपत्राचा फोटो कुणी मागितला, किंवा ‘वय सिद्ध करण्यासाठी’ कार्डाचा नंबर टाका म्हटलं, तर पान बंद करा.

पैसे देताना

जमेल तिथे स्टीम आणि यूपीआय, हा माझा सरळ सल्ला. परदेशी पानावर कार्ड वापरायचं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच येतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा पाचशे-हजार अशी छोटी ठेवा, व्यवहार झाला की पुन्हा बंद करा. डॉलरच्या व्यवहारावर बँक वर काही टक्के लावते, ते हिशोबात धरा. पेपाल चालत असेल तर कार्डाचा नंबर त्या साइटपर्यंत जात नाही, तेवढं बरं.

दरमहाची वर्गणी भारतीय कार्डावर अनेकदा अडकते. २०२१ च्या नियमांनंतर आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना ग्राहकाची आगाऊ मंजुरी लागते आणि प्रत्येक परदेशी साइट ती नीट हाताळत नाही. म्हणून वर्गणीच्या मागे न लागता पूर्ण झालेली कृती एकदाच विकत घेणं सोयीचं.

आणि एक घरगुती बाब. आपल्याकडे अजून कितीतरी खात्यांना मोबाईल नंबर वडिलांचा जोडलेला असतो. व्यवहाराचा एसेमेस कुठल्या फोनवर वाजणार आहे, हे पैसे देण्याआधी आठवा.

फाइल उतरवणं, कोकणातल्या पावसात

त्रिमितीय चित्रांच्या कृती कित्येक जीबींच्या असतात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर चार जीबीची फाइल ब्राउझरमधून उतरवायला बसलं, की जुलैत निम्म्यावर लाईट जाणार हे ठरलेलं. ब्राउझरमधलं डाउनलोड तुटलं तर अनेकदा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. स्टीमचं ॲप आणि इचचं स्वतःचं ॲप तुटलेलं डाउनलोड पुढे चालू ठेवतात. नवी आवृत्ती आली तर फक्त बदललेला भागही ती उतरवू शकतात. बऱ्याच कर्त्यांच्या पानावर चित्रं दाबून लहान केलेली आवृत्तीही असते. कर्त्याने स्वतः दिली असेल तर ती घ्या. तिसऱ्याच कुणी ‘कॉम्प्रेस’ करून दिलेली घेऊ नका.

उघडण्याआधीची तपासणी

इथे घाई करू नका, बहुतेकांचा घात इथेच होतो.

रेनपायची अस्सल कृती झिपमध्ये येते. उघडली की आत ‘गेम’, ‘लिब’ आणि ‘रेनपाय’ नावांची फोल्डरं दिसतात, आणि बाहेर गेम सुरू करणारी एक छोटी एक्झी फाइल. पानावर दोन जीबी लिहिलंय आणि हातात पडलीय ती दहा एमबीची एकुलती एक ‘सेटअप’ फाइल, तर ती तिथेच डिलीट करा. रेनपायच्या कृतीला सहसा इन्स्टॉल करावं लागत नाही. झिपला पासवर्ड असेल आणि तो शेजारच्या मजकूर फाइलमध्ये लिहिला असेल, तरी संशय घ्या. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणूनच हा उद्योग बहुतेक वेळा केलेला असतो. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना दिसली, तर पुढे वाचूही नका.

व्हायरसटोटल या साइटवर ६५० एमबीपर्यंतची फाइल तपासता येते. मोठी असेल तर नुसती एक्झी फाइल तपासा. तिथल्या सत्तरेक अँटिव्हायरस इंजिनांपैकी एखाद-दुसऱ्या अनोळखी इंजिनाने कुरकुर केली तर घाबरू नका. नावाजलेल्या पाच-सहांनी एकच सूर लावला तर मात्र ऐका.

विंडोजच्या दोन इशाऱ्यांत लोक हमखास गोंधळतात. ‘विंडोजने तुमचा पीसी सुरक्षित ठेवला’ असा निळा चौकोन प्रामाणिक कृतीलाही येतो, कारण एकट्या कर्त्याला स्वाक्षरीचं महाग प्रमाणपत्र परवडत नाही. कर्त्याच्या पानावरून घेतलेली आणि तपासलेली फाइल असेल तर पुढे जायला हरकत नाही. ‘या ॲपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करू द्यायचे का’ हा प्रश्न वेगळा. तो प्रशासकाचा अधिकार मागतो. गोष्ट वाचायला प्रशासकाचा अधिकार लागत नाही. ‘नाही’ म्हणा.

दुसऱ्याची सेव्ह फाइल, म्हणजे वाचन कुठवर आलं ते साठवणारी फाइल, तीही घेऊ नका. ‘सगळे प्रसंग उघडलेली सेव्ह’ म्हणून जे वाटतात, त्यात प्रोग्राम लपवता येतो, कारण रेनपायची सेव्ह फाइल उघडताना त्यातला कोड चालू शकतो. २०२३ नंतरच्या रेनपाय आवृत्त्या अनोळखी सेव्ह उघडताना इशारा देतात, आणि लोक तो वाचायच्या आधीच दाबून टाकतात.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मित्र म्हणतो, ‘मी गेम बनवलाय, जरा चालवून बघ.’ मित्राचं खातं आधीच चोरलेलं असू शकतं. त्याला फोन करा. असल्या फाइली ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेतात, मग ओटीपीचंही काही चालत नाही. मोठं दुकान म्हणजे शंभर टक्के हमी, असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द स्टीमवरून पायरेटफाय नावाचा एक मोफत गेम विषाणूमुळे काढावा लागला होता. म्हणून अगदी नवी, एकही प्रतिक्रिया नसलेली कृती लगेच उघडू नका, थोडे दिवस जाऊ द्या.

फोनवर वाचायचं असेल तर

प्ले स्टोअर असला मजकूर ठेवत नाही, म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, बाहेरून घ्यावी लागते. लग्नाची पत्रिका म्हणून आणि आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीकेंनी किती जणांची खाती रिकामी केली, हे आपण सगळे वाचतो. तोच धोका इथे आहे. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे, त्यावर बाहेरची एपीके टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. जुना फोन कपाटात पडला असेल तर तो सिमशिवाय वापरा. एपीकेने एसेमेस, संपर्क, सूचना किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली तर काढून टाका. आयफोनवाल्यांना ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आवृत्तीचाच मार्ग आहे. तशी आवृत्ती इचवर अनेक कृतींची असते. फाइल उतरवायचीच नसल्यामुळे तो सगळ्यांत सुरक्षितही. फक्त ब्राउझरचा डेटा पुसला की कुठवर वाचलं होतं ती खूण हरवते.

घर भरलेलं असताना

गणपतीत चाकरमानी येतात, घरात पंधरा माणसं, आणि कुणाचा तरी पोरगा ‘काका, लॅपटॉप दे ना, कार्टून बघतो’ म्हणून मशीन घेऊन माजघरात जातो. तेव्हाची तयारी आधी करायची असते.

विंडोजमध्ये स्वतःसाठी पासवर्डचं वेगळं खातं करा, आणि घरच्यांसाठी साधं, प्रशासकाचे अधिकार नसलेलं दुसरं. यामुळे विषाणूलाही काहीसा आळा बसतो. स्टीममध्ये गेमवर उजवी टिचकी मारून ‘खासगी’ अशी खूण करता येते, म्हणजे मित्रयादीतल्यांना दिसत नाही. मशीनवर मात्र तो दिसतोच, म्हणून वेगळं खातं हवंच. गेम डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. विंडोज ११ अनेकदा ही फोल्डरं परस्पर वनड्राइव्हवर चढवतं, आणि तोच वनड्राइव्ह बहिणीच्या फोनवर उघडलेला असतो. फोनवर गूगल फोटोजचा बॅकअप कुठल्या फोल्डरांवर चालू आहे ते बघा. हॉलमधल्या टीव्हीवर फोटो आपोआप फिरत असतील तर आजच बघा.

रेनपायमध्ये ‘एच’ दाबलं की संवाद लपतात, चित्र तसंच राहतं. घाईत नेमकी हीच कळ दाबणारे आहेत. ‘एस’ दाबलं तर स्क्रीनचं चित्र काढलं जातं आणि गेमच्या फोल्डरात साठतं. गेम काढून टाकला तरी सेव्ह फाइली ‘ॲपडेटा’मधल्या रेनपायच्या फोल्डरात राहतात. पुन्हा वाचायची असेल तर त्या जपा, नाहीतर तिथूनही काढा. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर ‘व्ही’ दाबा, संगणक वाचून दाखवतो. हेडफोन लावून.

कायद्याची रेघ

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ उघड लैंगिक मजकूर इलेक्ट्रॉनिक मार्गाने प्रसिद्ध करण्याबद्दल आणि पाठवण्याबद्दल आहे. पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आवडलेली फाइल किंवा त्यातलं चित्र क्रिकेटच्या किंवा दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणाला शिफारस करायचीच असेल तर नाव तोंडी सांगा.

दुसरी रेघ त्याहून पक्की. कलम ६७ब अल्पवयीनांच्या लैंगिक चित्रणाबद्दल आहे. त्यात मजकूर आणि डिजिटल चित्रांचाही उल्लेख आहे, आणि नुसतं शोधणं, बघणं, उतरवणंही त्यात येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सामग्री जवळ बाळगण्याबद्दलचा कायदा आणखी स्पष्ट केला. पात्रं लहान दिसतात, शाळेच्या गणवेशात आहेत, आणि कोपऱ्यात ‘सर्व पात्रं अठरा वर्षांवरील’ अशी ओळ चिकटवली आहे, अशी कृती सोडून द्या. व्हीएनडीबीचे टॅग हे आधीच सांगतात.

घोळ झालाच तर

फाइल उघडली आणि काहीतरी विचित्र वाटलं, तर पहिलं काम वायफाय बंद करणं. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ हा पर्याय वापरा, त्यानंतर बँक, मग बाकीची खाती. त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला तर नवाही चोरीला जातो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. ‘तू काय बघत होतास ते घरी सांगेन’ अशी धमकी देऊन कुणी पैसे मागत असेल, तर एकही रुपया देऊ नका, उत्तरही देऊ नका, तक्रार त्याच नंबरवर करा. मशीन दुरुस्तीला द्याल तेव्हा काय उतरवलं ते खरं सांगा. फाइलचं नाव आणि साइट कळली की आमचं निम्मं काम होतं, आणि बाकी कशात आम्हाला रस नसतो.